मंडळी बसूनच राहिली

आमच्या काकांचा विजेच्या मोटारींच्या वाइंडिंगचा गाळा आहे. भिंतीवर तांब्याच्या तारेची रिळं आणि त्यांच्या मधोमध एका नटाचा फोटो. त्या नटाचा सिनेमा लागला आणि काकांनी पहिल्या दिवशी पाहिला नाही, असं कधी झालं नाही. पडद्यावर तो गरिबाच्या बाजूनं भांडायला लागला की काका अंधारात डोळे पुसायचे. काकू म्हणायची, एवढं प्रेम माझ्यावर केलं असतं तर संसार सोन्याचा झाला असता.

रविवारी हेच काका चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचे. आमच्याकडे "उठा" असं कुणाला सांगावं लागत नाही. ऑर्गनचा पहिला सूर निघाला की सगळी मंडळी उभी राहते. लहानपणापासून अंगवळणी पडलेलं असतं.

मग तो नट निवडणुकीला उभा राहिला. पहिल्याच सभेत हा गृहस्थ म्हणाला की चर्चमध्ये जाणारे लोक म्हणजे मिशनऱ्यांच्या दुधाच्या पावडरीसाठी विकले गेलेले लोक. काकांनी ते मोबाईलवर पुन्हा पुन्हा ऐकलं. शेवटी म्हणाले, कुणीतरी लिहून दिलं असेल त्याला. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्यानं लिहून दिलेलं बोलायचं, जन्मभर दुसरं केलं काय त्यानं? हे मी तोंडावर म्हटलं, तर काका माझ्याशी बोलायचेच बंद झाले.

पण खरा कहर केला आमच्या चर्चच्या पाळकांनी. नटाला आमच्या गल्लीतली मतं हवी होती आणि पाळकांना चर्चच्या आवाराला भिंत बांधायची परवानगी. दोघांचंही फावलं. येत्या रविवारी तो उपासनेला येणार असं ठरलं. पाळक काकांना म्हणाले, तो दारातून आत आला की सूर लावा, सगळे उभे राहतील, पाहुण्याचा मान राखला जाईल. शिवाय तुम्ही तर त्याचे मोठे चाहते. काका नुसतं "बघतो" म्हणाले.

तो आला. पांढराशुभ्र सदरा, जोडलेले हात, मागे कॅमेरेवाले. पाळकांनी ऑर्गनकडे बघून मान हलवली. काकांचे दोन्ही हात मांडीवर. पाळकांनी पुन्हा खूण केली, डोळे वटारले. काका समोरच्या क्रुसाकडे बघत राहिले. सूर नाही तर मंडळी उठणार कशी? लोक एकमेकांकडे बघत बसूनच राहिले. दारापासून वेदीपर्यंत तो बसलेल्या माणसांमधून चालत गेला आणि त्याचं ते लाखमोलाचं हसू अर्ध्या वाटेतच आटलं.

उपासना संपल्यावर पाळक तणतणत आले. सगळ्यांसमोर नाक कापलंत, म्हणाले. काका ऑर्गनचं झाकण लावत होते.

"पाळकसाहेब, थिएटरात मी त्याच्यासाठी खुर्चीवर उभं राहून शिट्ट्या मारल्यात. इथं नाही. इथं विकला गेला तो एकच, तो क्रुसावरचा, तीस नाण्यांना. मी त्याच्यासाठी सूर लावतो."

पुढच्या रविवारी ऑर्गनवर पाळकांचा मेव्हणा बसला. मंडळीतल्या एकानंही तोंड उघडलं नाही. भिंत सगळ्यांनाच हवी होती ना! नट निवडून आला, भिंतही झाली. त्या गप्प बसलेल्यांचा मला नटापेक्षा जास्त राग येतो, आणि तो जाईल असं वाटत नाही.

परवा टीव्हीवर त्याचा जुना सिनेमा लागला. मी तिरमिरीत उठलो आणि बंद करायला गेलो. काकांनी माझा हात धरला.

"राहू दे रे. यात तो अजून चांगला माणूस आहे."