आप्पांनी फिरवलेला ठराव

आप्पा गेल्याचा फोन काकूंनीच केला. "गेले बाई तुझे आप्पा. घाई करू नको, सावकाश ये," एवढंच बोलल्या. मी खिडकीशी उभी होते आणि बाहेर नजर जाईल तिथवर वाळवंट... या वाळवंटात मी शिकायला कशी आले, ते कुणाला कधी नीट सांगितलं नव्हतं. लाज वाटायची, दुसरं काय.

आप्पा माझे थोरले काका. दिंद्रुडजवळच्या आमच्या गावात दूध सोसायटीचे चेअरमन. सोसायटीची सवय त्यांनी घरातही आणली होती. भाजी वांग्याची करायची की भोपळ्याची, यावरही "हात वर करा" चालायचं. काही बोलायचं असलं तरी आधी हात वर करायचा, मग ते "बोल" म्हणणार. कॉम्प्युटरच्या मास्टर्ससाठी मला अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाला, तेव्हाही त्यांनी तेच केलं. फक्त या वेळी आमच्या ओट्यावर गाव बोलावलं.

दिवस दुष्काळाचे. जनावरं चारा छावणीत, आणि टँकर दिसला की बोलता बोलता माणसं उठून पळायची. मी उभी राहून सांगितलं, एक विद्यापीठ मोठ्या सरोवराच्या काठी आहे, त्याचं नावही मोठं. दुसरं वाळवंटात, पण तिथल्या एक बाई कॉम्प्युटरला बोलीभाषा समजावण्याचं काम करतात. मला तेच शिकायचं होतं. हे शेवटचं वाक्य मात्र बोलायचंच राहिलं, कारण सरोवर म्हटल्यावर माझं पुढचं कुणी ऐकतच नव्हतं.

"केवढं तळं हाय?"

"पलीकडचा काठ दिसत नाही म्हणे."

"मंग? टँकरच्या गावातली लेक आणखी वाळवंटात कशापायी घालायची, चेअरमन?"

हशा झाला. मतं घेतली. सगळे हात सरोवराच्या बाजूने, त्यांत माझाही. वाळवंटाला कोण, असं विचारल्यावर दाराशी उभ्या काकूंचा पिठाने भरलेला हात तेवढा वर झाला. लोक हसले. मीही हसले... ते हसू आठवलं की अजून कानशिलं तापतात.

दुसऱ्या दिवशी आप्पा मला मोटारसायकलवरून फाट्यावर सोडायला आले. एसटीची वाट बघताना म्हणाले, "तुझा हात वर व्हता, पण मान खाली. काकूला दिसलं, मला न्हाई दिसलं. आता बोल." मी सगळं बोलले. ते म्हणाले, "मंग वाळवंटच. ठरावाचं मी बघतो. मीच फिरवला म्हणतो. तू मधी पडू नको, पोरगी गावाला मोजत न्हाई म्हणतील." मला हायसं वाटलं. केवढं हायसं वाटलं!

चेअरमननं ठराव फिरवला, ही बातमी छावणीपर्यंत गेली. आज घरच्या पोरीसाठी गावाचा शब्द मोडला, उद्या दुधाच्या भावाचा मोडील, असं लोक उघड बोलू लागले. पुढच्या निवडणुकीत आप्पा पडले. ज्या सोसायटीवर त्यांनी पोटच्या पोरासारखा जीव लावला, तिची पायरीही मग ते चढले नाहीत. फोनवर मात्र चेष्टा तीच, "तिकडं पाऊस न्हाई ना? मंग तुला लई करमत आसंल!" मी हसायचे. गावातल्या कुणाला तरी खरं सांगावं, असं दर वेळी मनात यायचं आणि फोन ठेवला की निघून जायचं.

तेराव्याला ओट्यावर सोसायटीचे जुने सभासद बसले होते. बोलत होते ते चांगलंच बोलत होते. त्यांतले एक जण हळहळले, "गडी सोन्यासारखा. जन्मात येकदाच चुकला. तेवढा ठराव फिरवायला नगं व्हता." बाकीच्यांनी माना हलवल्या.

माझा हात वर गेला. लहानपणीची सवय, दुसरं काही नाही. आप्पा बसायचे त्या कोपऱ्याकडे मी बघत राहिले, पण तिथून आता कोण बोलणार... हात तसाच वर. माणसं एकमेकांकडे पाहू लागली.

दाराशी काकू उभ्या होत्या.

"बोल," त्या म्हणाल्या.