जॅकचा दांडा आणि पेनड्राइव्ह

स्वस्त लॅपटॉप हातात आला की मी आधी बिजागऱ्या बघते, मग कोपरे. चालू नंतर करते. हातून पडलेल्याचा कोपरा चेपतो. भिंतीवर फेकलेल्याच्या बिजागऱ्या मुळासकट उपटून येतात. लाथ बसलेल्याच्या पडद्यावर जाळं उमटतं आणि जाळ्याच्या मधोमध टाच असते. ‘मेजावरनं पडला’ म्हणून सगळेच सांगतात. मी मान हलवते आणि स्क्रू काढायला घेते.

गोव्यात डिचोलीला माझं दुकान आहे. विंडोजच्या ओझ्याने धापा टाकणारे हलके लॅपटॉप घ्यायचे, पुसायचे, त्याजागी लिनक्स ही हलकी, फुकटची प्रणाली घालायची, मराठी टंकलेखन बसवायचं आणि विकायचे. पाळी गावच्या एका बाईने असाच एक नेला होता. माहेर दोडामार्गकडचं, नवरा खाणीवर डंपर चालवणारा. इथल्या एका छापखान्यासाठी ती घरी बसून लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची. छापखान्याच्या मालकिणीने तिला शब्द दिला होता: शाळेची सरावपुस्तिका शिरगावच्या जत्रेनंतर लगेच पुरी करून दे, नोकरी कायमची आणि मागची खोली तुझी. ‘आतून कडी लागते त्या खोलीला,’ हे ती मला दोनदा सांगून गेली.

मग एका सकाळी ती लॅपटॉप परत घेऊन आली. तिची भुवई फाटली होती आणि लॅपटॉपची पाठ चेपली होती. नवऱ्याने आधी तो तिच्या डोक्यात घातला होता, मग चुलीच्या कठड्यावर.

“बाई, माजां काम सगळां त्यातच आसा. गेलां काय हो?”

“छापखान्यात दिलेली प्रत तिथे असेल ना? मग तेवढं वाचलं. बस.”

आतली साठवण मेली होती. स्वस्त यंत्रांत ती बोर्डालाच डकवलेली असते, बदलता येत नाही. म्हणून मी लिनक्स पेनड्राइव्हवर घातलं आणि छापखान्यातली प्रतही त्यावरच उतरवली. ड्राइव्ह खोचला की यंत्र चालू, तिचं काम समोर. काढला की काळा पडदा आणि पांढऱ्या अक्षरांची एक ओळ. ती पेनड्राइव्ह सुकटीच्या डब्यात ठेवू लागली.

नवरा शिरगावच्या देवीचा धोंड, म्हणजे व्रत धरून जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारा. व्रताच्या दिवसांत तो इतर धोंडांबरोबर राहायचा, सोवळ्यातलं जेवायचा, दारूला शिवायचा नाही आणि बायकोलाही नाही. वर्षातले हेच तिचे शांत दिवस. घरात मासळी बंद, म्हणून सुकटीचा डबा कोणी उघडत नव्हतं. तिने पुस्तिका जवळजवळ संपवली. मी म्हटलं, याच दिवसांत निघ. ती म्हणाली, व्रत चालू असताना घर मोडायचं नाही. सासूसुद्धा तेच म्हणते. मी वाद घातला नाही, पण राग आला.

जत्रा झाली. निखाऱ्यांवरून चालून तो घरी आला, देवीची वेताची काठी नीट भिंतीला लावून ठेवली. त्या काठीने त्याने तिला कधी मारलं नाही. मारायला डंपरच्या जॅकचा दांडा होता. संध्याकाळी प्यायला आणि लॅपटॉप उघडला. काळा पडदा. कुणाशी बोलतेस ते लपवलंस, म्हणून त्याने तिचा उजवा हात उंबऱ्यावर धरला आणि दांडा घातला. दुसऱ्या दिवशी तो उठायच्या आत तिने लॅपटॉप आणि सुकटीचा डबा पिशवीत टाकून पहिल्या बसने माझं दुकान गाठलं.

मी तिच्या हाताला कळफलकाच्या खोक्याचा पुठ्ठा बांधला. दवाखान्यात निघणार, एवढ्यात तो दारात उभा. हातात दांडा.

“काय घातलंस गो ह्या मशीनीत? माका कायच दिसणा नाय!”

“लिनक्स,” मी म्हटलं.

“कोण तो?”

मला हसू आलं, तेच त्याला लागलं. पहिला घाव काउंटरवरच्या तिच्या लॅपटॉपवर बसला. कळा उडून माझ्या तोंडावर आल्या. दुसऱ्याने पडदा फुटला, तिसऱ्याने बॅटरी वाकली आणि फुसफुसू लागली. चौथा तिच्या डोक्याच्या दिशेने निघाला, तेव्हा डाग द्यायची, सोल्डरिंगची तापलेली सळी माझ्या हातात होती. मी ती त्याच्या मनगटावर टेकवली आणि दाबून धरली. कातडी करपल्याचा वास आला. दांडा खाली पडला. तो गुरासारखा ओरडला.

ती इतका वेळ भिंतीला टेकून होती. पुढे आली. त्याला ती नेहमी ‘तुमी’ म्हणायची.

“निखाऱ्यांर चाललंस ना रे? मगे आता कित्याक बोंबलतंस?”

तिने दांडा डाव्या हाताने उचलला आणि त्याच्या गुडघ्यावर हाणला. मी अडवलं नाही. शेजारच्या बेकरीतल्या पदेराने आणि रिक्षावाल्यांनी त्याला धरलं, बाहेर ओढलं आणि पोलीस येईपर्यंत रस्त्यावर भरपूर तुडवलं. तेही मी अडवलं नाही. धूर काढणारी बॅटरी चिमट्याने उचलून वाळूच्या बादलीत टाकली. ते आधी करायचं असतं.

बाहेरून त्याचा आवाज येत होता. “मोडलंय! सगळां मोडलंय तुजां! आता बस रडत!” डंपर फोडला की फेरी बंद पडते, तसाच त्याचा हिशेब होता.

“दुसरी मशीन काढा, बाई,” ती म्हणाली. “ही मेली.”

“आधी हात.”

“आधी पुस्तिका. एकच पान रवलां.”

मी फळीवरचा एक जुना लॅपटॉप खाली घेतला. तिने दातांनी डब्याचं झाकण उघडलं. पेनड्राइव्हला सुकट चिकटली होती, ती मी ब्रशने झाडली आणि तो खोचला. तिचं पान जिथे सोडलं होतं तिथेच उघडलं. डाव्या हाताने, एकेक कळ शोधत, तिने ते पुरं केलं. घाम टपकत होता, मधे एकदा ती ओकली. फाइल छापखान्यात गेली, मग आम्ही दवाखान्यात गेलो.

हात वाकडाच जुळला. उजव्या हाताचं एकच बोट टायपिंगला उरलं आहे. छापखान्यामागच्या खोलीत ती राहते. मी गेले की आधी आतून ओरडते, “कोण?” मी उत्तर दिल्यावरच कडी निघते. दारामागे तोच जॅकचा दांडा उभा असतो.