चौकोन मोजणाऱ्या सिस्टर

मलमपट्टीच्या खोलीतल्या सिस्टर कुणाला आशा लावत नसत. 'बरं होईल' हे शब्द सव्वीस वर्षांत त्यांच्या तोंडून कोणी ऐकले नव्हते. अशा बाईच्या गळ्यात मोठ्या डॉक्टरांनी मधुमेहाच्या पायांचा अभ्यास मारला. निम्म्या रोग्यांना साधं ओलं गॉझ, निम्म्यांना नवी फोमची पट्टी. कोणाला काय, ते बंद पाकिटातली चिठ्ठी ठरवणार. दर आठवड्याला जखमेवर चौकोन आखलेला पारदर्शक कागद धरायचा, कड गिरवायची, आत किती चौकोन बसतात ते मोजून तक्त्यात भरायचं.

इस्त्रीवाल्याला फोम निघाला. डाव्या तळव्याला, अंगठ्याच्या बुडाशी, बावीस चौकोनांची जखम. पण गडी खूश.

"कापडातलं मला कळतं, ताई. गॉझ म्हणजे पोतेरं. हा माल उंची!"

"मालाचं कौतुक पुरे. दिवसभर उभे राहता की नाही ते बोला."

"बसून इस्त्री होते का कधी?"

"आणि जखमेवर भार येऊ नये म्हणून दिलेला बूट?"

"घालतो की!"

सिस्टरनी बूट उलटा केला. सहा आठवडे झाले तरी बुटाचा तळ कोरा करकरीत.

"इथल्या दारात आल्यावर चढवतात," त्याची बायको भिंतीकडे बघत म्हणाली. "घरी माझं ऐकतंय कोण?"

सिस्टरनी त्याला फैलावर घेतलं. पण चौकोन घटत होते, त्याला काय करणार? बावीस, सतरा, अकरा. नवव्या आठवड्यात चार. कागद उजेडात धरून सिस्टर बोलून गेल्या, "भरतेय हो." बायकोनं पदर डोळ्यांना लावला.

जखमेत बोथट सळई घालून ती आत किती खोल आहे ते बघायचं, ही सिस्टरांची जुनी सवय. पण तक्त्यात खोलीचा रकानाच नव्हता. बाहेर रांग जिन्यापर्यंत. आणि भरत आलेली जखम कशाला उकरायची? तीन आठवडे त्यांनी सळई घातली नाही.

बाराव्या आठवड्यात पाऊल लालभडक सुजून आलं, पट्टीला घाण वास. सळई आत गेली ती थेट हाडावर टेकली. वरून तोंड मिटत होतं आणि आत पू पसरत होता. त्याला कळलं नाही, कारण त्या पावलातली जाणीव केव्हाच गेली होती.

सर्जननी सांगितलं, पाय गुडघ्याखालून कापायचा. उद्याच.

"ताई, मला गॉझ निघालं असतं तर?"

"फरक पडला नसता. दोन्ही पट्ट्यांचे आकडे सारखेच येताहेत."

"मग पाय कशानं वाचला असता?"

"तुम्ही बसला असतात तर. आणि मी सळई घातली असती तर."

बायको हळूच म्हणाली, "तुम्ही तर म्हणाला होता, भरतेय."



"जाऊ दे गं," इस्त्रीवाला म्हणाला. "एका पायावरही इस्त्री होते. टेबलाला टेकून राहीन."

सिस्टरनी त्याचा उजवा पाय हातात घेऊन तळवा बघितला. अंगठ्याच्या बुडाशी कातडीला घट्टा पडला होता, आणि घट्ट्याखाली रक्ताचा काळा ठिपका.

"आता सगळा भार ह्याच्यावर येणार," त्या म्हणाल्या. "हाही जाईल."

"काळजी घेईन की, ताई," तो म्हणाला.