बांधातली घूस

आमच्या न्हावरे गावात बांधाला हात लावणं म्हणजे भांडणाला आवतण. त्यातून तो बांध आमचा आणि थोरल्या जाऊबाईंचा सामाईक. अलीकडं माझा ऊस, पलीकडं त्यांचं कांद्याचं रोप आणि मधल्या बांधात एक घूस. मी उसाला पाणी सोडलं की ते तिच्या बिळातून पलीकडं जायचं आणि जाऊबाईंचे वाफे तुंबायचे. त्यांना मी अक्का म्हणते. वाटण्या झाल्यापासून आमचं बोलणं कामापुरतंच होतं, ते आता पार बंद झालं. "मुद्दाम पाणी सोडतीया," असं त्यांनी गिरणीत चार बायांत सांगितलं. ऐकलं आणि माझं टाळकंच सरकलं. लग्न होऊन आले तेव्हा मला खुरपं धरायला याच बाईनं शिकवलं होतं. रागापेक्षा वाईट जास्त वाटलं, खरं सांगते.

बीळ खणावं तर "बांध कोरती" म्हणून दुसरी बोंब उठली असती. औषध टाकावं तर घूस आतच मरणार, मग अक्कांना दाखवू काय? मला घूस जिवंत पाहिजे होती, त्यांच्या डोळ्यांपुढं. त्याशिवाय त्यांचा विश्वास बसला नसता.

शिरूरला हार्डवेअरच्या दुकानात गेले. तारेच्या पिंजऱ्यात आमच्या घुशीचं तोंड मावलं असतं, बूड बाहेर राहिलं असतं. मग लोखंडी चाप बघितले. एक उंदराचा, अगदीच लेचापेचा. एक दातेरी, तो मी हातातही घेतला नाही. मधल्या मापाचा, बिनदाताचा एक होता. त्याच्या ताटलीवर पाय पडला की दोन्ही पट्ट्या मिटून पाय धरतात. मी तो चार वेळा उघडझाप करून बघितला, तसा दुकानदार म्हणाला, "वहिनी, बिबट्या धरायचाय का?"

"बिबट्या परवडला," मी म्हटलं, "तो बांध तरी पोखरत न्हाई."

आता अडचण अक्कांच्या मांजरीची. ती दिवसरात्र बांधावर हिंडते. तिचा पाय अडकला असता तर आमच्या सात पिढ्या बोलल्या नसत्या. म्हणून तेलाचा डबा दोन्हीकडून कापला, बिळाच्या तोंडाशी आडवा ठेवला आणि चाप आत सरकवला. मांजर कशाला त्यात शिरतीय. पट्ट्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, म्हणजे पाय धरला जाईल पण तुटणार नाही. चापाच्या साखळीसाठी खुंटी ठोकायची सोय नव्हती. बांधावर खुंटी दिसली की लोक हद्दीची खूण समजतात. मग साखळी नांगराच्या जुन्या फाळाला बांधली. खायला भाकरीचा तुकडा आणि शेंगदाणे ठेवले. सुकट ठेवली असती तर मांजरीला आवतणच गेलं असतं.

पहिल्या सकाळी चाप मिटलेला आणि त्यात मातीचं ढेकूळ. घुशीनं बिळातली माती लोटली होती ताटलीवर. आमचे मालक कंपनीतून रात्रपाळी करून आले होते. ते म्हणाले, "ढेकूळ धरलंस व्हय? आता त्याचं लोणचं घाल." मी त्यांना झोपू दिलं नाही. कानस हातात दिली आणि खटका घासून घेतला, म्हणजे हलक्या पायालाही चाप मिटेल. मग चाप डब्यात चार बोटं मागं घेतला. माती पुढंच पडू दे म्हटलं.

दुसऱ्या सकाळी डबा खडखड वाजत होता. बघते तर मांजराएवढी घूस, पुढचा पाय चापात, दात विचकून बसलेली. मला इतका आनंद झाला की कशाचं भान राहिलं नाही. हाक मारली, "अक्का, या, बघा तरी."

अक्का धारेची बादली हातात घेऊनच आल्या. वाकून डब्यात बघितलं. मग बिळात बघितलं. आरपार उजेड दिसत होता.

"हिनं बुडवलं व्हय माझं रोप," त्या हळूच म्हणाल्या. माझ्याकडं मात्र बघितलं नाही.

मालकांनी घूस पोत्यात घालून नेली आणि तिचं पुढचं उरकून आले. बीळ तसंच उघडं. मी फावडं धरून उभी, पण बांधाला लावायची हिंमत होईना.

अक्कांनी बादली खाली ठेवली. माझ्या हातातलं फावडं घेतलं, पलीकडं गेल्या आणि स्वतःच्या वाफ्याच्या कडेची माती ओढून बिळात टाकायला लागल्या. याच बांधाच्या वीतभर मातीवरून वाटणीच्या वेळी दोन्ही भाऊ हमरीतुमरीवर आले होते.

"अक्का, तुमच्याकडची कशाला? वाफा मोडंल."

"मोडू दे. पुन्यांदा घालीन," त्या म्हणाल्या. "तू बघत काय उभी राह्यलीस? चढ वर आन् तुडीव."

मी चपला काढल्या आणि बांधावर चढले.