बाबांनी न ऐकलेला ब्लूज

कॅनडातल्या विनिपेगच्या आमच्या घरात सगळे गायचे. बाबा सिव्हिल इंजिनिअर, पण पुलांपेक्षा ख्यालावर जास्त बोलायचे. आई पेटी वाजवायची. मला बोलता येण्याआधी तानपुरा लावता येत होता, असं ती पाहुण्यांना सांगायची. ती शुद्ध थाप होती, पण पाहुण्यांना आवडायची.

अशा घरात मी पंधराव्या वर्षी ब्लूज गिटारच्या नादी लागले. बाबांनी बेसमेंटच्या जिन्यात उभं राहून दहा मिनिटं ऐकलं आणि विचारलं, "दोन्ही गंधार एका दमात? एक काय ते ठरव."

"जोगमध्ये चालतात की, बाबा."

"जोग हा राग आहे," असं म्हणून ते वर गेले.

पुढे हायवेवरच्या बारमध्ये वाजवू लागले. तिथे माझ्यापेक्षा टीव्हीवरच्या हॉकीला टाळ्या जास्त पडत. मग बँड झाला, तीन अल्बम झाले, विंटर टायर्सच्या भरवशावर निम्मा देश पालथा घातला. बाबा एकदाही आले नाहीत. लोक खातात-पितात तिथे गाणं होत नाही, असं त्यांचं मत. स्वतः लग्नाच्या पंगतीत गायले होते, ते वेगळं. गणपतीत कुणी माझी चौकशी केली की सांगायचे, "ती वाद्य वाजवते." समोरच्याला सतार वाटायची आणि बाबा ती वाटू द्यायचे. मी हसण्यावारी न्यायचे. पण त्यांनी एकदा तरी यावं असं मला फार वाटायचं, पन्नाशी उलटली तरी.

आई वारली त्यानंतरच्या उन्हाळ्यात पार्कात दुपारचा कार्यक्रम होता. बाबा आपणहून म्हणाले, "मलाही घेऊन चल. घरी बसून तरी काय करू?"

मी संथ ब्लूज सुरू केला. बारा बारचा, म्हणजे बारा खंडांचा एक फेरा, प्रत्येक बारला चार ठोके. बाबांनी त्याचा सरळ विलंबित एकताल केला आणि मांडीवर मोजू लागले. फेरा पुरा झाला की हात उंचावून सम दाखवायचे. म्हातारबुवांना काहीतरी हवंय असं समजून एक व्हॉलंटियर बाई पाणी घेऊन आली.

तिसऱ्या फेऱ्यात मी सोलोत रमले आणि एक बार उशिरा उतरले. बँडने सांभाळून घेतलं. लोकांनी तर शिट्ट्या मारल्या. बाबांचा हात तेवढा हवेत राहिला.

गाडीत बसल्यावर ते म्हणाले, "सम चुकलीस."

"हो."

"मागच्या वेळीही तिसऱ्या आवर्तनातच चुकलीस."

"मागच्या वेळी म्हणजे?"

"लायब्ररीच्या हॉलमध्ये. आम्ही दोघं मागे एक्झिटजवळ उभे होतो. त्याआधी त्या चर्चमध्ये मात्र बरोबर आली होतीस." बाबा खिडकीबाहेर बघत होते. "तुझी आई दरवेळी म्हणायची, पुढे जाऊन बसू. मीच नको म्हणायचो. म्हटलं, आपल्याला बघून पोरगी बिचकेल."

मला रडू फुटलं. रागही आला, दोघांचाही. पण त्यातली एक आता भांडायला उरली नव्हती.