अप्पांची गाणी भाताच्या शेतात

मंडळी, अजून राग गेलेला नाही.

आज घोटीला भावाच्या सासुरवाडीला गेले होते. भातावरची पाखरं उडवायला शेतात कॅसेटची चकचकीत टेप ताणली होती. बांधावर रिकामी कॅसेट पडलेली, तिच्यावर माझ्या वडिलांचं, अप्पांचं अक्षर: 'भीमगीतं, नाशिक रोड'.

कॉलनीतल्या गायन पार्टीसोबत अप्पांनी ती घरीच रेकॉर्ड केली होती. अप्पा आता नाहीत.

भावाला फोन लावला.

"ताई, मीच दिली त्यांना. कॅसेट कोण ऐकतं आता? सगळं ॲपवर मिळतं."

"मग अप्पांचं एक गाणं लावून दाखव."



टेप सोडवून पिशवीत भरून आणलीय. आवाज उरलाय का, माहीत नाही.

तुमच्या घरातल्या कॅसेटी देऊन टाकण्याआधी, आत कोण गातंय ते एकदा ऐकलंत का?