कपारीतला शंख

लेक जपानात नोकरीला. गेल्या वर्षी तिने मला तिथल्या एका लहानशा बेटावर नेलं. बोटीतून उतरले आणि बघतच राहिले. डोंगर थेट समुद्रात उतरलेला, पायथ्याला कोळ्यांची वीस-पंचवीस घरं, दारोदारी वाळत घातलेली मासळी. पाणी इतकं नितळ की दोन पुरुष खोलीवरचे गोटे मोजावेत. मी पेणच्या खाडीकाठची. समुद्राला तळ असतो आणि तो दिसतोही, हे मला साठीनंतर कळलं.

समोर सत्तरी-ऐंशीच्या बायका शंख-शिंपले काढायला बुड्या मारत होत्या. नळी नाही, टाकी नाही. एकीची पावलं क्षणभर पाण्यावर दिसली आणि ती गेली. मीही श्वास धरला. दोनदा सोडला, तरी बाई वर येईना. मग आली, ती लांब शीळ घालत श्वास सोडतच. माझ्या अंगावर काटा आला. लांबूनच हात जोडले मी तिला.

ओहोटी होती. खडकांतून फिरता फिरता माझा हात कपारीत कधी गेला मलाच कळलं नाही. बाहेर आला तो मुठीत मावणारा शंख घेऊन.

"आई! ठेव तो!" लेक ओरडली. बाहेरच्यांनी इथे शंख उचलणं गुन्हा, हे तिने बोटीत बजावलं होतं. माझं लक्ष कुठे होतं! नोकरीवर गदा येईल या भीतीने पोरीचा चेहरा उतरला. तोवर मघाचीच म्हातारी आमच्यापुढे येऊन उभी.

लेक वाकून वाकून माफी मागत होती. म्हातारीने माझा हात उलटा करून बोटांवरचे जुने वण बघितले आणि काहीतरी विचारलं.

"न बघता शंख काढायला कुणी शिकवलं, विचारतेय. मी सांगते तिला, की आई शाळेत शिकवायची, तिला यातलं काही येत नाही," लेक म्हणाली.

रोह्याच्या शाळेत सगळी नोकरी मी बाई म्हणून मिरवले. माझी आई खाडीतली कालवं काढून पेणच्या बाजारात विकायची, हे शाळेत कुणाला सांगितलं नाही, या पोरीलाही नाही. लाज वाटायची, दुसरं काय. तिची ही आजी तर पोर जन्मायच्या आधीच गेलेली. "हात घाल गो, डोले मिटून घाल," गढूळ पाण्यात उभी राहून आई म्हणायची.

"सांग तिला, माझ्या आईनं शिकवलं. खाडीत."

लेक माझ्याकडे बघत राहिली. मग तिने ते सांगितलं. म्हातारीने स्वतःची बोटं माझ्या बोटांशेजारी धरली. तसेच वण. कमरेला अडकवलेली मापपट्टी काढून तिने शंखाला लावली. काढायच्या मापाहून लहान भरला. तो माझ्याच हातात देऊन तिने कपारीकडे बोट दाखवलं. मी डोळे मिटून तो होता तिथे ठेवला.

परतीच्या बोटीत लेकीने माझा हात सोडला नाही. "आजी अजून काय काय करायची?" तिने विचारलं.

मी सांगायला लागले.